घड्याळाची मोड

सराफाच्या पेढीवर जाऊन ज्यानें एकदां तरी जुना दागिना मोडला आहे, त्याला ‘मोड’ ह्या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. आमचें खामगांव कापसाइतकेंच चांदीच्या व्यापाराविषयींहि प्रसिद्ध आहे. कित्येक त्यास रजतनगरी म्हणतात. येथील बाया चांदी घेतांना दोन प्रश्न हटकून विचारतात: घडणावळ किती, आणि उद्यां हीच वस्तु मोडीला आणली तर तूट किती धराल? वस्तु घरांत येते त्याच क्षणीं ती घरांतून जाण्याचा हिशेब करून ठेवणें शहरी मनास थोडें अशुभ वाटेल. परंतु ज्या मुलुखांत पाऊस केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं, त्या मुलुखानें आपल्या माणसांस शिकविलेलें हें शहाणपण आहे, आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार दरमहा पगार घेणाऱ्या आम्हां प्राध्यापक मंडळीस तरी नाहीं. अंगावर आहे तोंवर दागिना म्हणजे सौभाग्य, आणि संकट आलें म्हणजे तोच दागिना पुंजी. हीं दोन्ही रूपें त्या बाईच्या मनांत एकत्र नांदतात व त्यांचें भांडण होत नाहीं.

मनगटावरच्या घड्याळाची मोड मात्र आमच्या कानांवर एका अक्षय्यतृतीयेच्या सुमारास प्रथमच आली. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास संगणकाच्या एका कंपनींत मोठ्या हुद्द्यावर आहे. गांव जळगांव-जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं; वडील कोरडवाहू शेतकरी. भेंडवळची घटमांडणी पाहावयास वडिलांसह जावयाचें म्हणून तो घरीं निघाला होता. वाटेंत आमच्याकडे उतरला, चहा झाला, आणि मग त्यानें मनगटावरचें घड्याळ काढून रुमालांत गुंडाळून आमच्यापुढें ठेविलें.

“सर, हे आठ दिवस तुमच्याकडे राहू द्या.”

घड्याळ रोलेक्सचें होतें. किंमत विचारली तेव्हां तो थोडा घुटमळला व म्हणाला, “दहा लाखांच्या आसपास.” आमच्या चेहऱ्यावर जें कांहीं उमटलें असेल तें पाहून त्यानें लगेच पुस्ती जोडली, “पण सर, हे कधीही विकलं तरी पैसे वसूल आहेत. उलट चार पैसे जास्तच येतील.”

“मग बाबांना कां दाखवीत नाहींस?” असें आम्हीं विचारलें. त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या एस.टी.ची वेळ झाली होती, तो गेला.

जो प्रश्न आम्हीं विचारला नव्हता त्याचें उत्तर त्याच्यापाशीं तयार होतें, आणि जो विचारला त्याचें नव्हतें. रुमालांतली ती वस्तु कपाटांत ठेवतांना हें आमच्या ध्यानांत आलें, आणि पुढील आठ दिवस आम्ही ह्याच दोन प्रश्नांच्या मध्यें येरझारा घालीत होतों.

न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर प्रथम तपासूं, कारण तें अंकांचें आहे आणि अंकांस भीड नसते. महागड्या घड्याळाचे पैसे बुडत नाहींत हा समज आतां सुशिक्षितांत पुष्कळ पसरला आहे. त्यांत सत्याचा अंश आहे, पण तो थोडा आहे. रोलेक्स, पाटेक फिलिप, ऑडमार पिगे अशा मोजक्या पेढ्यांच्या मोजक्या नमुन्यांस दुकानांतील किंमतीएवढी किंवा तीहून अधिक किंमत दुसऱ्या बाजारांत मिळते, हें खरें. कारण तीं घड्याळें मागतांक्षणीं मिळत नाहींत. यादींत नांव घालून महिनोन्‌महिने, कधीं वर्षें थांबावें लागतें, आणि ज्यास थांबवत नाहीं तो थांबून मिळविणाऱ्यास जास्त पैसे देतो. गंमत अशी कीं रोलेक्सची पेढी वर्षाला दहा लाखांच्या आसपास घड्याळें बनविते असा जाणकारांचा अंदाज आहे. वर्षास दहा लाख निघणारी वस्तु दुर्मिळ म्हणून विकतां येणें, हेंच त्या धंद्याचें खरें कसब म्हटलें पाहिजे.

ह्या मोजक्या नमुन्यांपलीकडे मात्र चित्र वेगळें आहे. बहुतेक भारी घड्याळें दुकानाचा उंबरठा ओलांडतांच तीस-चाळीस टक्क्यांनीं उतरतात. विकावयास गेलें म्हणजे मूळ डबी आहे काय, हमीचें कार्ड आहे काय, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या जपून ठेवल्या आहेत काय, अशी उलटतपासणी होते. त्यांतलें एक नसलें कीं भाव खालीं येतो. मग व्यापाऱ्याची दहा-वीस टक्के कसर. दागिन्यांत फक्त घडणावळ बुडते, सोनें शिल्लक राहतें. पोलादी घड्याळ मात्र बहुतेक सारें घडणावळच आहे. आंतलें पोलाद भंगाराच्या भावानें विकलें तर एका वडापावाचे पैसे मुश्किलीनें यावयाचे. शिवाय हा भाव लहरीवर चालतो. २०२० पासून २०२२ च्या आरंभापर्यंत जगभर ह्या जुन्या घड्याळांचे भाव झपाट्यानें चढले, आणि त्याच वर्षाच्या मध्यापासून ते मोठ्या प्रमाणांत कोसळले. शिखरावर घेणारे कित्येक अजून त्या शिखराकडे खालून पाहत आहेत.

पण समजा, आमच्या विद्यार्थ्याचें घड्याळ त्या भाग्यवान मोजक्यांतलें आहे, आणि दहा वर्षांनीं त्याचे दहा लाख दहा लाखच राहिले. तर तें फुकट पडलें काय? दहा लाखांवर सात टक्के व्याज धरलें तर वर्षाचे सत्तर हजार होतात. दिवसाचे एकशें ब्याण्णव. आणि तासाचे बरोबर आठ रुपये. म्हणजे तें घड्याळ आपल्या धन्यास दर तासाला वेळ सांगतें आणि दर तासाला आठ रुपये घेतें. रात्रीं तो निजला असतांहि घेतें. दर आठ-दहा वर्षांनीं तें खोलून साफ करावयास लागतें त्याचे हजारों रुपये निराळे, विमा निराळा, आणि २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरील मनगटी घड्याळ विकणाऱ्यानें ग्राहकाकडून एक टक्का कर आगाऊ वसूल करावयाचा तोहि निराळा. शेवटला पुढें आयकरांत वळता होतो, म्हणून त्याबद्दल रडण्यांत अर्थ नाहीं.

आमच्या भागांत पैशाचें दुसरें माप कापूस हें आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरविला. त्या भावानें दहा लाख म्हणजे एकशें तेवीस क्विंटल. कोरडवाहू रानांत एकरीं पांच क्विंटल साधले तर सुमारें पंचवीस एकरांचें एका वर्षाचें सारें पीक. त्यांतून बियाणें, खत, फवारणी व वेंचाई वजा न करतां. हा हिशेब मांडला कीं वाचक म्हणतील, प्राध्यापकमहाशयांनीं आतां गरिबीचें हत्यार उपसलें. तसें नाहीं. त्या मुलानें वडिलांचें कर्ज फेडलें आहे, विहीर बांधून दिली आहे, धाकट्या बहिणीचें शिक्षण केलें आहे. त्याचा पैसा त्याच्या बुद्धीचा आहे, कोणाच्या तोंडचा घांस त्यानें काढलेला नाहीं. मग त्याला हा हिशेब कां लावावा? लावूं नये, असेंच आमचें मत आहे. पण आम्हीं न लावला तरी त्याचा बाप तो मनांतल्या मनांत एका क्षणांत लावील, हें त्या मुलास ठाऊक होतें. बापाचें दुसरें मापच नाहीं.

येथें एक गोष्ट आठवते. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला तो प्रेमचंद रायचंद ह्या शेटजींनीं आपल्या मातोश्रींच्या नांवें दिलेल्या देणगीच्या बळावर. प्रेमचंदांचा पैसा कापसाच्या व्यापारांतला व सट्ट्यांतला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ पर्यंत कापसास सोन्याचा भाव आला होता, आणि त्या काळीं वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेनें लँकेशायरला जात होता. तेंहि कापसाच्या पैशाचें घड्याळच. पण तें खालून जाणाऱ्या हमालालाहि वेळ सांगत असे, व त्याची मोड काय येईल हें कोणी विचारिलें नाहीं.

आतां हें यंत्र वेळ तरी फार चांगली दाखवितें काय? नाहीं, आणि ही गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल. १९६९ सालच्या नाताळांत जपानच्या सेको पेढीनें गारेच्या स्फटिकावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विकावयास काढलें. तो स्फटिक सेकंदास ८,१९२ वेळां कंप पावे. कमानीच्या घड्याळांतील चक्र सेकंदास फार तर आठ-दहा वेळां हेलकावतें. त्या दिवसापासून अचूकपणाच्या शर्यतींत कमानीचें घड्याळ हरलें तें कायमचें. आज बाजारांत तीन-चारशें रुपयांस मिळणारें सेलवरचें घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतें, आणि स्वित्झर्लंडच्या परीक्षामंडळाचें प्रमाणपत्र मिळविलेलें कमानीचें घड्याळ दिवसाला चार सेकंद मागें किंवा सहा सेकंद पुढें गेलें तरी उत्तीर्ण समजतात. स्विस धंदा त्या धक्क्यानें मरणाच्या दारीं गेला होता. १९७० च्या सुमारास त्यांत नव्वद हजारांच्या आसपास माणसें होतीं, तीं पंधरा-सोळा वर्षांत तिसऱ्या हिश्श्यावर आलीं. तो धंदा पुन्हा उभा राहिला तो वेळ विकून नव्हे. वेळ दाखविण्याचें काम हातून गेल्यावरच घड्याळ खऱ्या अर्थानें महाग झालें.

ॲरिस्टॉटलनें आपल्या राजनीतीवरील ग्रंथांत पादत्राणाचा दाखला दिला आहे: तें पायांत घालतां येतें, आणि त्याच्या बदल्यांत दुसरी वस्तु घेतां येते, दोन्ही त्याचे उपयोगच, पण पहिला स्वाभाविक, दुसरा आगंतुक. ॲडम स्मिथनें १७७६ च्या आपल्या ग्रंथांत पाणी व हिरा ह्यांची जोडी मांडून उपयोगी तें स्वस्त व निरुपयोगी तें महाग हें कोडें जगापुढें ठेविलें. आणि १८९९ सालीं अमेरिकेंतील व्हेब्लेन ह्यानें त्याच्याहि पुढें जाऊन दाखविलें कीं कित्येक वस्तूंचा उपयोग त्यांच्या महागपणांतच असतो. त्या स्वस्त झाल्या तर निरुपयोगी होतील. हे तिघेहि आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकवितों. पण आमच्या विद्यार्थ्यानें व्हेब्लेनला पेंचांत टाकलें असें आम्हांस वाटतें. मिरविण्याची वस्तु तो पुण्यांत मिरवितो आणि गांवीं लपवितो. मिरवणुकीला ओळखणारे डोळे लागतात. आणि ज्या डोळ्यांचें त्याला खरें मोल, ते ओळखणारे नसून मोजणारे आहेत.

त्याच्या बाजूनें जें बोलतां येईल तें आम्हीं मनाशीं बोलून पाहिलें. कारागिरी ही कारागिरीच. जुरा पर्वतांतले शेतकरी हिवाळ्यांत बर्फानें घरीं कोंडले गेले म्हणजे खिडकीशीं बसून घड्याळांचीं चाकें कातीत, आणि त्यांतून तो धंदा वाढला. (आमच्या शेतकऱ्यासहि वर्षांतून चार-पांच महिने कोंडून घालणारा उन्हाळा आहे, त्याच्या खिडकीशीं असें कांहीं आलें नाहीं, ही हळहळ सोडवत नाहीं.) पैठणी विणणारा कोष्टी जगावा म्हणून आपण हळहळतों, तर केसाएवढ्या कमानीस वळण देणारा कारागीर जगला म्हणून कां कुरकुरावें? ज्याला सुंदर यंत्र पाहून आनंद होतो त्यानें तें घ्यावें. आमचें म्हणणें इतकेंच कीं मग ‘मला आनंद होतो’ असें म्हणावें. ‘पैसे वसूल आहेत’ हें जें वाक्य आहे, तें आनंदाच्या तोंडचें नाहीं. तें वाक्य कोणाच्या तरी पुढें जबाब द्यावयाचा असतो तेव्हांच तोंडांत येतें. खामगांवची बाई मोडीचा भाव विचारते ती खरोखर मोडणार म्हणून. आमचा विद्यार्थी ती वस्तु मोडणार नाहीं. मोडीचा भाव त्याला विकण्यासाठीं नको आहे, ठेवण्यासाठीं हवा आहे.

इतकें सारें तत्त्वज्ञान आम्हीं कपाटाच्या बाहेर बसून केलें. कपाटाच्या आंत काय चाललें होतें तें आतां सांगतों. पहिल्या रात्रीं झोंप लागली नाहीं. आमच्या घरांत चोरास नेण्याजोगें पुस्तकांखेरीज कांहीं नसल्यामुळें कडी लावली काय हें पुन्हा उठून पाहण्याची संवय नव्हती. त्या रात्रीं तीनदां उठलों. दुसऱ्या दिवशीं घरांत कोणास न सांगतां तें कपाटांतून पेटींत व पेटींतून तांदुळाच्या डब्यांत हलविलें. तिसऱ्या दिवशीं रात्रीं डबा उघडून पाहतों तो कांटा जागचा हालत नाहीं! आमच्या अंगास घाम सुटला. तांदुळाची कणी आंत गेली असावी, दहा लाखांचें यंत्र आमच्या हातून बिघडलें, निवृत्तिवेतनाची रक्कम किती, असे विचार एका मिनिटांत मनांत येऊन गेले. त्याला दूरध्वनि केला तेव्हां तो मोठ्यानें हंसला. “सर, ते हातात नसलं की सत्तर तासांनी थांबतं. घाला, चालू होईल.” मनगट हालतें त्याबरोबर आंतील एक अर्धवर्तुळाकार वजन फिरतें व कमान आवळली जाते, अशी ती रचना आहे.

तेव्हां चौथ्या दिवशीं, केवळ घड्याळाच्या प्रकृतीसाठीं, आम्हीं तें मनगटावर चढविलें. ‘केवळ’ हा शब्द लिहितांना लेखणी अडखळते, पण राहूं द्या. परीक्षेचे दिवस होते, पर्यवेक्षणास गेलों. तीन तासांत आम्हीं तें किती वेळां पाहिलें ह्याची गणती नाहीं, आणि प्रत्येक वेळीं वेळ किती झाली हें पाहावयाचें राहूनच गेलें. सहकाऱ्यांपैकीं एकाचेंहि लक्ष गेलें नाहीं. गेलें तें कार्यालयांतील एका तरुण कारकुनाचें. त्यानें जवळ येऊन, आवाज खालीं करून, कौतुकानें विचारलें, “सर, फर्स्ट कॉपी कुठून आणली?”

ज्यांस हा शब्द परिचित नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: हुबेहूब नक्कल केलेल्या मालास बाजारांत असें म्हणतात. आणि आम्हीं, नीतिशास्त्राच्या अध्यापकांनीं, म्हटलें, “मुंबईहून.”

खोटें बोलणें कोणत्याहि परिस्थितींत क्षम्य नाहीं असें प्रतिपादणारा कान्टचा १७९७ चा निबंध आम्ही वीस वर्षें शिकवितों. तेथें निदान दारांत खुनी उभा आहे आणि मित्राचा प्राण पणास लागला आहे. आमच्या दारांत एक गरीब कारकून उभा होता आणि पणास कांहींच लागलें नव्हतें. हें घड्याळ माझें नाहीं, एका विद्यार्थ्याचें आहे, खरें आहे, हीं तीन वाक्यें आम्हांस कां उच्चारतां आलीं नाहींत? कारण त्या मागोमाग ‘किती रुपये?’ हा प्रश्न आला असता, आणि त्या आंकड्याशेजारीं, त्या माणसाच्या पगाराच्या देखत, उभें राहण्याची आमची तयारी नव्हती. नक्कल म्हणून तें आम्हांस सहज शोभलें. मुलगा बापापुढें कां गप्प राहिला हें आम्हांस त्या व्हरांड्यांत कळलें. त्याला दोष देण्यासाठीं मनाशीं जमविलेलीं वाक्यें त्याच जागीं गळून पडलीं. व्याज, विमा, दुरुस्ती हें सारें कागदावर मांडतां येतें. पण ज्या वस्तूविषयीं आपल्या माणसांशीं खरें बोलतां येत नाहीं, तिच्या किंमतींत तें न बोलणेंहि धरावें कीं नाहीं? आम्हीं तरी धरावें म्हणतों.

आमच्या घरींहि एक भारी घड्याळ होऊन गेलें. वडिलांचें लग्न १९६४ सालचें. त्या काळीं आमच्या भागांत जांवयास घड्याळ, सायकल व अंगठी हीं ठरलेलीं असत, आणि ऐन मांडवांत घड्याळासाठीं रुसून बसणारे नवरदेव पुष्कळ. वडील रुसले नव्हते. तरी वरपक्षाच्या यादींत स्विस घड्याळ होतें, आणि सासऱ्यांनीं तें दिलें. फावर-ल्यूबा. वडिलांनीं तें जन्मभर जपलें. रोज सकाळीं अंघोळीनंतर चावी देत. सासऱ्यांनीं हौसेनें दिलेलें म्हणून आल्यागेल्यास दाखवीत. ते वारल्यावर चारपांच वर्षांनीं एकदां आई सहज बोलून गेली कीं त्या घड्याळासाठीं आजोबांनीं आजीचे चाळीस तोळ्यांचे चांदीचे तोडे सावकाराकडे गहाण टाकले होते. ते सुटले नाहींत. पुढील साल दुष्काळी गेलें, व्याज चढत गेलें, आणि आजी मरेपर्यंत रिकाम्या पायांनीं वावरली. हें वडिलांस ठाऊक नव्हतें. आईनें चाळीस वर्षें तें चावी देणें रोज सकाळीं पाहिलें, आणि एका शब्दानें सांगितलें नाहीं.

आम्हीं सवयीप्रमाणें मोडीचा हिशेब केलाच. फावर-ल्यूबास येथील घड्याळजी दोन-अडीच हजार सांगतो. चाळीस तोळे म्हणजे साडेचारशें ग्रॅमच्या वर चांदी. २०२५ सालीं चांदी किलोस लाखाच्या पुष्कळच पलीकडे गेली, तेव्हां त्या तोड्यांचे अर्ध्या लाखाहून अधिक झाले असते. पण हा हिशेब करतांना आईकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. वडिलांचें घड्याळ स्वस्त कीं महाग हें कोणाच्या वहींत पाहावयाचें? वडिलांच्या वहींत तें फुकट होतें. ज्या वहींत त्याची किंमत लिहिली होती ती वही मिटून एक बाई चाळीस वर्षें स्वयंपाकघरांत बसली होती. मनगट एकाचें आणि किंमत दुसऱ्याच्या पायांची, असे व्यवहार घराघरांत असतात; आमच्या विद्यार्थ्याचा व्यवहार तसा नाहीं, तो पुष्कळ स्वच्छ आहे, हें येथें पुन्हा सांगितलेंच पाहिजे.

पाटेक फिलिपची पेढी १९९६ पासून आपल्या जाहिरातींत असें सुचवीत आली आहे कीं हें घड्याळ घेणारा त्याचा मालक नव्हेच. पुढील पिढीसाठीं तो तें सांभाळतो एवढेंच. वाचतांना आम्हांस सेवाग्राम आठवलें. धनवान् मनुष्य धनाचा मालक नसून विश्वस्त आहे, हा गांधीजींचा सिद्धांत. तो एवढ्या सुबक रीतीनें विक्रीच्या कामीं आलेला पाहून हंसावें कीं काय करावें तें सुचेना. गांधीजींचें स्वतःचें घड्याळ इंदिराबाईंनीं दिलेलें, झेनिथचें, रुप्याचें, खिशांतलें. १९४७ सालीं कानपूरच्या स्टेशनांत तें चोरीस गेलें आणि त्यांस त्याचें वाईट वाटलें. पुढें कांहीं महिन्यांनीं दिल्लींत चोरानें तें परत आणून दिलें. त्यांना वाईट वाटलें तें किंमतीमुळें खास नव्हे. त्यांचा सारा दिवस त्या घड्याळावर बांधलेला होता. मार्च २००९ मध्यें तेंच घड्याळ चष्मा, चपला, थाळी व वाटी ह्यांसह न्यूयॉर्कच्या लिलावांत अठरा लाख डॉलरांस गेलें. घेणारे विजय मल्ल्या. पॉल न्यूमन ह्या नटास त्याच्या पत्नीनें दोन-अडीचशें डॉलरांचें रोलेक्स दिलें होतें, तो मोटारींच्या शर्यती धांवे म्हणून मागें ‘जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून. १९८४ सालीं त्यानें तें मुलीच्या एका मित्रास सहज देऊन टाकलें. २०१७ सालीं त्याचे लिलावांत एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलर आले. एरवीं पाठीवर कांहीं कोरलें कीं मोडींत भाव उतरतो. ज्या दोन घड्याळांस अशी मोड आली त्यांच्या धन्यांनीं मोडीचा विचारच केला नव्हता. एकास चोरीचें दुःख झालें, एकानें देऊन टाकलें.

आठव्या दिवशीं विद्यार्थी परत आला. भेंडवळास घट मांडले, दुसऱ्या दिवशीं पहाटे भाकीत ऐकलें. पिकांचें काय, भावांचें काय, सारे लोक कान देऊन ऐकत होते. पुढील सालच्या भावासाठीं धान्याच्या दाण्यांकडे पाहणाऱ्या त्या गर्दीस आम्ही हंसत नाहीं. जगांतल्या बाजारपेठांत याहून निराळें काय चालतें? मग तो थोडा थांबून म्हणाला कीं त्या मैदानांत वडिलांनीं त्याला वेळ विचारली. त्यानें खिशांतून फोन काढला. वडिलांची नजर त्याच्या मनगटाकडे गेली. पुण्याच्या उन्हानें हात रापला होता आणि घड्याळाच्या जागीं चार बोटें पांढरा पट्टा तसाच उमटला होता.

“काऊन रे बापू, घड्याळ कुठं गेलं?”

“पुण्याला दुरुस्तीला टाकलं.”

वडिलांनीं आपल्या हातचें एच.एम.टी. काढलें आणि त्याच्या हातांत दिलें. “हे घाल तोवर. मले काय काम पडते.”

तेंच त्याच्या मनगटावर होतें. बंगळूरच्या ज्या सरकारी कारखान्यानें १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या साह्यानें हीं घड्याळें काढलीं, तो घड्याळांचा विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला, आणि तेव्हांपासून हौशी लोक तीं शोधीत हिंडतात. तें दिवसाला दहा मिनिटें मागें पडत होतें. आम्हीं रुमालांतलें घड्याळ तांदुळाच्या डब्यांतून काढून त्याच्या स्वाधीन केलें. तें त्यानें न पाहतांच पिशवींत टाकलें, आणि येथें चांगला घड्याळजी कोण म्हणून विचारलें. कारकुनाची हकीकत आम्हीं त्याला सांगितली. तो हंसला नाहीं.

घड्याळजी बाजारांत एका जिन्याखालीं बसतो. डोळ्यास भिंग लावून त्यानें एच.एम.टी. उघडलें, तेल सुकलें आहे म्हणाला, दोनशें रुपये व गुरुवारचा वायदा सांगितला. विकावयाचें असल्यास गिऱ्हाईक आहे, असेंहि त्यानें सुचविलें. मुलानें मान हालविली. त्याला त्याच रात्रीं पुण्यास परतावयाचें होतें, म्हणून गुरुवारीं तें आम्हीच आणलें. दिवाळीस तो येईपर्यंत तें आमच्याकडे आहे. तें मात्र तांदुळाच्या डब्यांत ठेवलेलें नाहीं. टेबलावर उघडेंच असतें. त्याला रोज सकाळीं चावी द्यावी लागते, ती आम्ही अंघोळीनंतर देतों, आणि आई त्या वेळीं समोर असली तर थोडें बाजूस वळून देतों.